मालवणी शॉर्टफिल्मला सबटायटल करायचेत, कुठून सुरुवात करू?

रेवंडीकरीण:

नमस्कार मंडळी, आम्ही काही मित्रमैत्रिणींनी मिळून मालवणजवळ एक शॉर्टफिल्म केलीय, २६ मिनिटांची. एडिट होत आलंय, साऊंडचं थोडं बाकी आहे, आणि सबटायटलचा विषय निघाल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले कारण काय तर माझं इंग्रजी बरं आहे म्हणे. मी आजवर सबटायटल फक्त वाचलेत, केले कधीच नाहीत.

फिल्म सगळी मालवणीत आहे. गोष्ट दशावतार या कोकणातल्या लोकनाट्यातल्या एका कलाकाराची, त्यामुळे मध्ये एक मोठा तुकडा रंगमंचावरचा आहे. त्यात राजा भारदस्त संस्कृतमिश्रित मराठीत बोलतो, संकासुर हा विनोदी राक्षस मालवणीत सगळ्यांची खेचतो, मागे पेटी पखवाज झांज थांबतच नाहीत, आणि लिहिलेली संहिता अशी नाहीच, दशावतारात असतं तसं सगळं जागच्या जागी रचून बोललेत. म्हणजे स्क्रिप्टवरून कॉपी-पेस्ट करायचीही सोय नाही, ऐकून ऐकूनच उतरवायला लागणार.

फेस्टिवलसाठी इंग्रजी सबटायटल लागणारच. पण आमच्यातल्या एकाचं म्हणणं की मराठीतही करूया, पुण्या-नागपूरच्या लोकांना भराभर मालवणी बोललं की कळत नाही. मग ती मराठी पट्टी मालवणीत लिहायची का प्रमाण मराठीत? आणि हे सगळं व्हिडिओवर कायमचं चिकटवायचं की वेगळी फाइल द्यायची? एका एआय टूलमधून आधी काढून बघितलं, त्याने मालवणीचं मनाने पुस्तकी मराठी केलं, मध्येच हिंदीत शिरलं आणि नुसती झांज वाजते तिथे कुणीच न बोललेली वाक्यं टाकली. कुणी असलं काम केलं असेल तर सांगा प्लीज.


आटपाट_एडिटर:

पहिला प्रश्न, पिक्चर लॉक झालंय का? "एडिट होत आलंय" हे शब्द ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो. दिग्दर्शकाला सांगा की आता एक फ्रेम पण हलणार नाही असं लिहून दे, मगच टायमिंगला बसा. तोपर्यंत नुसतं ऐकून संवाद टाइप करायला घ्या, ते काही वाया जात नाही.

पुढेमागे सबटायटल सुटायला लागलेच तर आधी कसे सुटतायत ते बघा. सगळीकडे सारखेच दोन-तीन सेकंद मागे किंवा पुढे असतील तर सुरुवातीला काहीतरी वाढलंय नाहीतर कापलंय, लोगो किंवा आभाराची पाटी असं काहीतरी, अख्खी फाइल तेवढी सरकवली की झालं. पण सुरुवातीला बरोबर आणि शेवटाकडे जास्तच जास्त सुटत चाललेत तर ती फ्रेमरेटची, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम पळतात त्याची भानगड. २४ ची फिल्म कुणीतरी २५ ने पळवली की चार टक्के फरक पडतो, तुमच्या २६ मिनिटांत शेवटी एक मिनिटाच्या वर जातो तो. अशा वेळी लोक एकेक ओळ हाताने सरकवत बसतात, नका बसू, सबटायटल एडिट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमरेट बदलायची सोय आहे.

चिकटवायचं का फाइल, तर दोन्ही. फेस्टिवलवाले काय मागतात ते त्यांच्या फॉर्मवर असतं, बऱ्याच ठिकाणी इंग्रजी पट्टी व्हिडिओवरच छापलेली मागतात. पण पट्टी नसलेली कोरी मास्टर कॉपी जपून ठेवा हो, नंतर कुणी दुसऱ्या भाषेत मागितलं तर इंग्रजीवर दुसरी पट्टी चढवायची वेळ येते, बघवत नाही ते.


टाइमकोडवाली:

मी हे काम पोटासाठी करते, बरीच वर्षं, त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

सबटायटल एडिट सॉफ्टवेअर फुकट आहे, विंडोजवर चालतं, त्यात खाली आवाजाची लाट दिसते. ती लाट बघून ओळीची सुरुवात लावायची. सबटायटल ज्यात ठेवतात ती एसआरटी फाइल म्हणजे साधी टेक्स्ट फाइल असते, क्रमांक, वेळ, मजकूर, एक रिकामी ओळ, परत क्रमांक. सेव्ह करताना एन्कोडिंग विचारलं की यूटीएफ-८ मध्येच करा, नोटपॅडमधून एएनएसआयमध्ये सेव्ह केलंत तर सगळ्या देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत येत नाहीत. वेळेचे आकडे इंग्रजीच ठेवा, मराठी आकडे प्लेअरला कळत नाहीत. आणि सेकंदानंतर स्वल्पविराम असतो, टिंब नाही, टिंब वेबव्हीटीटी नावाच्या दुसऱ्या सबटायटल फाइलमध्ये.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी मालवणी जशी ऐकू येते तशी पूर्ण उतरवा, कुणी काय बोललं त्या नावासकट, अडखळणंसुद्धा. मग तिला टायमिंग लावा. ही तुमची मूळ फाइल. इंग्रजी हिच्यावरूनच करा, मधल्या प्रमाण मराठीवरून नको. भाषांतराचं भाषांतर झालं की दोन्ही वेळेला थोडं थोडं गळतं आणि शेवटी सगळी पात्रं एकाच शाळेत शिकल्यासारखी बोलायला लागतात. ज्या ओळीत टोमणा आहे, नातं आहे, शिवी खरी आहे का लाडाची आहे, तिथे शेजारी टीप लिहून ठेवा. आता तुम्हाला सगळं पाठ आहे, पण टीममधलं दुसरं कुणी फाइल तपासेल त्याला त्या टिपा लागतात.

इंग्रजीचे नियम म्हणाल तर नेटफ्लिक्सचे वापरा, जगभर साधारण तेच चालतात. एका वेळेला दोनच ओळी, एका ओळीत जास्तीत जास्त ४२ अक्षरं, एक सबटायटल कमीत कमी पाऊण सेकंदाच्या थोडं वर आणि जास्तीत जास्त सात सेकंद. वाचायचा वेग सेकंदाला १७ ते २० अक्षरं धरा. देवनागरीत मात्र हे मोजमाप फसवं आहे कारण सॉफ्टवेअर काना-मात्रा, हलंत सगळं वेगळं मोजतं. "स्त्री" दिसायला एक अक्षर, मशीनला ती सहा. त्यामुळे मराठी फाइलमध्ये सगळीकडे लाल इशारे दिसले तर घाबरू नका, मोठ्याने वाचून बघा, सीन संपायच्या आत वाचून होतंय ना, बस.

शॉट बदलतो तिथे ओळ पलीकडे लोंबकळू देऊ नका. कट झाला की डोळा परत पट्टीवर जातो, नवीन ओळ आली असेल असं वाटून तीच परत वाचतो. हे प्रेक्षकाला कळत नाही, नुसतं दमायला होतं. जिथे बोलणं कटच्या जरासंच पुढे जातंय तिथे पट्टी कटवरच संपवा.

आणि ज्याच्यावर कुणी बोलत नाही ती गोष्ट, मराठीत क्रियापद शेवटी येतं. म्हातारी अख्खं वाक्य बोलत जाते आणि शेवटच्या शब्दाला बॉम्ब टाकते. इंग्रजीत तो बॉम्ब वाक्याच्या सुरुवातीलाच फुटतो. थिएटरमध्ये मग काय होतं, इंग्रजी वाचणारे आधी हसतात आणि नटी नंतर बोलते. अशा ठिकाणी वाक्य दोन सबटायटलमध्ये तोडायचं आणि दुसरं तिच्या शेवटच्या शब्दावर आणायचं, इंग्रजी थोडं वाकडं झालं तरी चालेल. संकासुराच्या सगळ्या सीनला तुम्हाला हेच करावं लागणार बघा.

दशावताराचा तुकडा: गाण्याचं धृपद पहिल्यांदा येतं तेव्हाच द्या, परत परत देऊ नका. दोघं एकदम बोलतात तिथे ज्याच्यामुळे गोष्ट पुढे जाते त्याचं द्या, दुसऱ्याचं सोडा. राजाची भारदस्त भाषा आणि संकासुराची मालवणी हा फरक इंग्रजीत सरळ येणार नाही, पण राजाला पूर्ण, लांब, जरा जुन्या वळणाची वाक्यं द्या आणि संकासुराला तुटकी, छोटी. गावंढळ इंग्रजी मात्र अजिबात नको, मुद्दाम चुकीचं स्पेलिंग वगैरे. परदेशातल्या प्रेक्षकाला वाटतं माणूसच अडाणी आहे, आणि सीनमध्ये सगळ्यात हुशार तोच असतो.

कापायला घाबरू नका. बोलणं वाचण्यापेक्षा जलद असतं, "अरे", "काय तर", "म्हणजे कसं" हे सगळं जाऊ द्या, चेहऱ्यावर दिसतं ते.


कुडाळी_बांगडो:

ओ ताई, मालवणीतच लिवा. आमी इतकी वर्सां पुण्याचे पिच्चर बघतंव, आमका कोण पट्टी लावन दिता?


मशीनवाला_कान:

टाइमकोडवाली ताई, बाकी सगळं मान्य, "कापायला घाबरू नका" यावर मात्र मला बोलायचंय.

मला लहानपणापासून कमी ऐकू येतं, दोन्ही कानांना मशीन आहे. माझी मातृभाषा मराठी आणि मराठी सिनेमा मी इंग्रजी सबटायटल वाचून बघतो, कारण मराठीत मराठी पट्टी देतोच कोण? आता गंमत बघा, मला ओठ थोडे वाचता येतात, मशीनमधून अर्धंमुर्धं ऐकूही येतं. त्यामुळे नट एक बोलतोय आणि खाली भलतंच छोटं काहीतरी लिहिलंय हे मला लगेच कळतं. तुम्ही "अरे" कापलंत की मला वाटतं माझ्यापासून काहीतरी लपवलंय. शिव्या गाळतात तेव्हा तर हमखास. बाकीच्या लोकांनी ऐकलं, मीच तेवढा सभ्य राहायचा?

रेवंडीकरीण, मराठी पट्टी करणार असाल तर ती आमच्यासाठीही करा ना. दोन गोष्टी जास्तीच्या लागतात. बोलणारा फ्रेममध्ये नसेल तर त्याचं नाव लिहा, आणि ज्या आवाजावर गोष्ट अवलंबून आहे तो आवाज लिहा. प्रत्येक आवाज नको. पाखरं किलबिलतायत, वारा सुटलाय हे मला पडद्यावर दिसतंय. पण माणूस दचकून मागे का बघतो ते मला कळत नाही, तिथे [मागे दार वाजतं] एवढं लिहिलं की पुरे. नुसतं [संगीत] लिहितात त्याने काही होत नाही. तुमच्या फिल्ममध्ये पखवाजाची लय वाढली म्हणून कुणीतरी विंगेतून धावत येत असेल तर [पखवाजाची लय वाढते] असं लिहा, मग मी पण तिथे असेन.

आणि ही पट्टी फक्त आमच्याच उपयोगाची असं नाही. अहमदाबादच्या आयआयएममधल्या ब्रिज कोठारींनी १९९९ मध्ये गुजरातच्या दूरदर्शनवर गुजराती गाण्यांच्या कार्यक्रमाखाली गुजरातीतच शब्द द्यायला सुरुवात केली होती, हेतू हा की जेमतेम अक्षरओळख असलेल्या माणसाचं वाचन गाणी बघता बघता सुधारावं. पुढे तेच हिंदी गाण्यांच्या 'रंगोली'तही आलं. म्हणजे ऐकतो त्याच भाषेत खाली वाचणं ही काही विचित्र गोष्ट नाही, पंचवीस वर्षं झाली तिला.

कायद्याचं म्हणाल तर कमी ऐकू येणाऱ्यांना टीव्ही बघता यावा म्हणून सरकारने २०१९ मध्ये मानकं काढलीत, २०२३ च्या जानेवारीत दिल्ली हायकोर्टाने 'पठाण'च्या ओटीटी आवृत्तीसाठी हिंदी कॅप्शन आणि अंधांसाठी ऑडिओ डिस्क्रिप्शन, म्हणजे पडद्यावर काय दिसतंय ते सांगणारा आवाज, तयार करायला सांगितलं, मग मार्च २०२४ मध्ये थिएटरमधल्या सिनेमांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली. ती फीचर फिल्मसाठी आहेत, तुमच्या शॉर्टफिल्मवर कुणी सक्ती करणार नाही. म्हणूनच विनंती करतोय.


टाइमकोडवाली:

@मशीनवाला_कान, बरोबर आहे तुमचं, मी कापायचं म्हटलं ते इंग्रजीसाठी. इंग्रजी वाचणाऱ्याला ऐकून तसंही काही कळत नाही, त्याला अर्थ वेळेत पोचला पाहिजे, त्यामुळे तिथे मी कापणारच, त्यावर माझं मत बदलणार नाही. मराठी पट्टीला तोच हिशोब लावून चालत नाही कारण तिथे कान आणि डोळा एकाच भाषेत आहेत, शब्द जुळला नाही की खटकतो, कमी ऐकू येणाऱ्यालाच नाही, सगळ्यांनाच. पण अगदीच शब्दन् शब्द पण जमत नाही हो. संकासुर एका दमात जे बोलतो ते सगळं लिहिलं तर तीन ओळी होतील आणि संकासुराकडे बघायचं कुणी?


मशीनवाला_कान:

तीन ओळी द्या, मी बघेन. आम्हाला सवय असते वाचायची.


टाइमकोडवाली:

तुम्हाला असते, तुमच्या शेजारी बसलेल्याला नसते. दोन ओळी, आणि काहीच गाळायचं नाही असं ठरवलं तर पट्ट्या पटापट बदलाव्या लागतील. करून बघा एका सीनवर. शिव्या मात्र पूर्ण लिहा, त्यात मी तुमच्या बाजूने.


जुना_अँटेना:

विषय वाचून जुने रविवार आठवले. दुपारी दूरदर्शनवर मूकबधिरांच्या बातम्या संपल्या की प्रादेशिक चित्रपट लागायचा, बंगाली, मल्याळम, आसामी काय असेल ते, खाली इंग्रजी पट्टी. आमच्या चाळीत टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. अक्षरं पांढरी, हिरोचं धोतर पांढरं, बंगाली असेल तर बाईंची साडी पण पांढरी. नायक उभा राहिला की वाचता यायचं, बसला की संपलं. अर्ध्या बंगाली सिनेमांचा शेवट मला अजून माहीत नाही.

तेव्हा ताई, दशावतारात भटजी असतो आणि त्याचं धोतर पांढरंच असतं. अक्षरांना काळी किनार द्या.


आटपाट_एडिटर:

@जुना_अँटेना हाहा काका, पण मुद्दा शंभर टक्के खरा. पातळ काळी किनार आणि किंचित सावली, बस. पिवळी अक्षरं हवी असतील तर द्या, पण पिवळ्यालाही किनार लागतेच. जिथे पडद्यावर खालीच काही लिहिलेलं असेल तिथे तेवढी पट्टी वर न्या.

देवनागरी फॉन्ट नोटो सान्स किंवा मुक्ता घ्या, दोन्ही फुकट आहेत, जोडाक्षरं नीट दिसतात, लांबून वाचता येतात. फार बारीक वजनाचा नको, शिरोरेषा आणि मात्रा एकमेकांत जातात. तिरका टाइप देवनागरीत करूच नका, गाण्यासाठी सुरुवातीला आणि शेवटी संगीताचं चिन्ह टाका. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी चिकटवणार असाल तर प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली टेक्स्ट इंजिन दक्षिण आशियाईवर आहे ना ते बघून घ्या, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. गावात पेनड्राइव्हवरून टीव्हीला लावून दाखवणार असाल तर वेगळ्या एसआरटीवर विसंबू नका, काही टीव्हींवर "कि" चा वेलांटीवाला दांडा अक्षराच्या पलीकडे जाऊन बसतो, काहींवर नुसते चौकोन येतात. तिथे चिकटवलेलीच कॉपी न्या.


परदेशी_पोहे:

मध्येच एक विचारते. आमच्याकडे न्यू जर्सीत मुलांना मराठी बोललेलं कळतं पण देवनागरी वाचता येत नाही. तुमच्यासारख्या फिल्म ऑनलाइन आल्या की आम्ही दाखवतो, पण इंग्रजी पट्टी असली की मुलं ऐकतच नाहीत, नुसती वाचतात. रोमन लिपीत मराठी पट्टी कुणी करतं का?


टाइमकोडवाली:

@परदेशी_पोहे करायला काही हरकत नाही पण वाचायला फार हळू जाते, प्रत्येक जण वेगळं स्पेलिंग करतो ना. त्यापेक्षा पहिल्यांदा इंग्रजी लावून दाखवा आणि दुसऱ्यांदा पट्टी बंद करून. गोष्ट माहीत झाली की मुलं ऐकतात. यूट्यूबवर पूर्वी प्रेक्षकांनाच दुसऱ्याच्या व्हिडिओला सबटायटल करून देता यायचे, तेव्हा असले हौशी प्रयोग बरेच व्हायचे, सप्टेंबर २०२० मध्ये त्यांनी ती सोय बंद केली. आता ज्याचा चॅनल त्यानेच फाइल टाकायची.


रेवंडीकरीण:

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. रात्री टीमबरोबर बसून वाचलं, थोडी भांडणं पण झाली.

आमचं ठरलंय ते असं की मराठी पट्टी मालवणीतच, जशी बोलली तशी, शिव्यांसकट, आणि मशीनवाला_कान यांनी सांगितले तसे आवाज पण टाकायचे. दिग्दर्शकाला आधी भीती होती की पुण्यातल्याला लिहिलेली मालवणी कळणार नाही. मग आम्ही त्याच्या सातारच्या बायकोवर प्रयोग केला. "आवशीक काय सांगतलंस?" हे ऐकून तिला तिन्ही वेळा कळलं नाही, लिहून दाखवलं तर म्हणाली आईला काय सांगणार असंच ना. मग विषय संपला. ऐकताना मालवणी भराभर निघून जाते, वाचताना जरा थांबते बहुतेक. फक्त राजाचं बोलणं आहे तसं पुस्तकी मराठीत राहील, त्यामुळे पट्टीतच दोघांचा फरक दिसेल, हे आम्हाला आधी सुचलंच नव्हतं.

इंग्रजीला कात्री लावायचं काम माझ्याकडे. संकासुराचा पहिला सीन करून बघितला, दोन तुकड्यांत तोडून शेवटचा शब्द उशिरा आणला, आणि माझा भाऊ वाचताना बरोब्बर जागेवर हसला. त्याला इंग्रजी फार येत नाही हे सोडा. मालवणी पट्टीत तीन ओळींचं मात्र नाही जमलं, संकासुराचं तोंडच झाकलं जात होतं. दोनच ठेवल्यात, पट्ट्या पटापट बदलतायत, गाळलं काही नाही. पिक्चर लॉक दिग्दर्शकाने व्हॉट्सॅपवर लिहून दिलंय, त्याचा स्क्रीनशॉट ठेवलाय.

एक शेवटचं विचारते. एका सीनमध्ये घराच्या दारावर कोर्टाची नोटीस चिकटवलेली आहे, कॅमेरा तिच्यावर दोन सेकंदच थांबतो, आणि त्याच वेळी मागून म्हातारी बोलत असते. इंग्रजीत नोटीस द्यायची का म्हातारी?


टाइमकोडवाली:

नोटीस. पण अख्खी नाही, घर खाली करा एवढाच अर्थ, मोठ्या अक्षरांत, एका ओळीत. म्हातारी काय बोलतेय? गोष्टीला लागणारं असेल तर तिची ओळ पुढच्या शॉटवर अर्धा सेकंद उशिरा सुरू करा, पाठमोरी असेल तर कुणाला कळणार पण नाही. तोंड दिसत असेल तर नोटिशीची पट्टी वर न्या आणि म्हातारीला खाली ठेवा, दोन्ही एकेकच ओळ. मराठी फाइलमध्ये नोटीस देऊ नका, ती वाचता येतेच, तिथे म्हातारीच पूर्ण द्या.


मशीनवाला_कान:

आणि ती मागून बोलतेय तर तिचं नाव लिहा.


कुडाळी_बांगडो:

पिच्चर कुडाळात खय लागतलो तां पण सांगा.